शेवटचा मणी

जमेल तसं बसा. मांडी घालून, खुर्चीत, गॅलरीच्या कट्ट्यावर, कसंही चालेल. डावा तळहात वर करून मांडीवर ठेवा आणि उजव्या हाताची दोन-तीन बोटं मनगटावर अंगठ्याच्या बाजूला हलकेच टेकवा. दाबू नका. नाडी लगेच लागली नाही तर शोधाशोध नको. बोटं तिथंच असू द्या, ती आपणहून लागेल.

लागली?

हा ठोका म्हणजे हृदयानं ढकललेल्या रक्ताची लाट. पण ती किती जोरानं येते हे एकट्या हृदयाच्या हातात नाही. ज्या नळीतून ती येते तिची भिंत किती आवळलेली आहे, किती सैल, यावरही ते ठरतं. बागेतल्या पाइपचं तोंड बोटानं दाबलं की पाणी कसं उसळतं, हे आपण सगळ्यांनी लहानपणी करून पाहिलंय. रक्तवाहिनी दाबायला असं बोट नसतं. तिथं रक्तातून निरोप येतो आणि भिंत तो ऐकते.

आज बसायचंय ते या निरोपापाशी, आणि तो निरोप फिरवणाऱ्या एका एन्झाइमपाशी. शाळेच्या पुस्तकात आपण त्याला विकर म्हणायचो. हे विकर तुमच्या अंगात तुमच्या जन्माआधीपासून काम करतंय. तुमच्या पणजीच्या अंगातही करत होतं. माणसाला त्याचा पत्ता लागला तो २००० साली.

आता दहा मण्यांचा एक दोरा मनासमोर धरा. प्रत्येक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. नावं परकी वाटतील, तरी एकदा सावकाश म्हणून बघा, एका श्वासाला एक. ॲस्पार्टिक आम्ल. आर्जिनिन. व्हॅलिन. टायरोसिन. आयसोल्युसिन. हिस्टिडिन. प्रोलिन. फेनिलॲलनिन. हिस्टिडिन. ल्युसिन.

यकृतात एक मोठं प्रथिन तयार होतं. मूत्रपिंडातून येणारं रेनिन नावाचं विकर त्याच्या टोकाचे हे दहा मणी कापून काढतं. याला अँजिओटेन्सिन-एक म्हणतात. या रूपात निरोप जवळजवळ मुका असतो. मग दुसरं विकर येतं आणि शेवटचे दोन मणी, हिस्टिडिन आणि ल्युसिन, जोडीनं एकदम तोडतं. उरतात आठ. ते अँजिओटेन्सिन-दोन, आणि त्याला वाचा फुटलेली असते. रक्तवाहिनीला ते सांगतं, आवळ. मूत्रपिंडाकडे निरोप जातो, मीठ सोडू नकोस, पाणी धरून ठेव.

इथं जरा थांबा. हा निरोप वाईट नाही, एवढं मनाशी नीट बसू द्या. अपघातात रक्त गेलं, जुलाबानं अंगातलं पाणी गेलं, की हाच निरोप जीव धरून ठेवतो. अडचण होते ती तो थांबायचं नाव घेत नाही तेव्हा. भिंत आवळलेलीच राहते, हृदय त्या आवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलत राहतं, वर्षानुवर्षं.

दोन मणी तोडणाऱ्या त्या विकराचं नाव अँजिओटेन्सिन-कन्व्हर्टिंग एन्झाइम. आद्याक्षरं जुळवून त्याला एस म्हणतात. लिओनार्ड स्केग्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली घोड्याच्या रक्तात ते दाखवलं. पुढे ब्राझीलमधल्या जराराका नावाच्या सापाच्या विषातून या विकराला अडवायची वाट सापडली आणि तिच्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध घडलं. ते १९८१ साली अमेरिकेत बाजारात आलं. आपल्याकडे घरोघरी फ्रिजवरच्या डब्यात ज्या गोळ्या असतात, त्यांतल्या ज्यांच्या नावाच्या शेवटी ‘प्रिल’ येतं, त्या सगळ्या याच घराण्यातल्या. म्हणजे विसावं शतक संपताना या वाटेचा नकाशा पूर्ण झाल्यासारखा होता. रेनिन कापतं, एस कापतं, दाब वाढतो. औषध एसला अडवतं, दाब उतरतो. पाठ्यपुस्तकात बाणांची आकृती होती आणि तिच्यात मोकळी जागा दिसत नव्हती.

आता एका हृदयाकडे जाऊ. थकून निकामी होत चाललेल्या, कुणातरी माणसाच्या हृदयाकडे. ते नेमकं कुणाचं होतं हे आपल्याला कळायचं कारण नाही. तरी ते कुणाचं तरी होतं, हे या मननात विसरू नका.

पेशीच्या केंद्रकात सगळा ग्रंथ असतो, पण कुठलीच पेशी तो सगळा वाचत नाही. त्या घडीला लागतील तेवढ्याच पानांच्या ती नकला काढते. या नकला फार नाजूक असतात, हवेतल्या धुळीनं, बोटांच्या घामानंही विरतात. म्हणून प्रयोगशाळेत त्या नकलांवरून डीएनएच्या टिकाऊ प्रती करतात, त्या जिवाणूंच्या आत ठेवतात, आणि अशा हजारो प्रतींच्या साठ्याला लायब्ररीच म्हणतात. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या केंब्रिज गावी मिलेनियम फार्मास्युटिकल्स या कंपनीत अशीच एक लायब्ररी होती, निकामी होत चाललेल्या मानवी हृदयाच्या खालच्या कप्प्याची. म्हणजे ते हृदय थकलेलं असताना कुठली पानं उघडून बसलं होतं, त्याची नोंद. मेरी डोनाह्यू आणि त्यांचे सहकारी त्या प्रती एकेक करून वाचत होते. त्यांतली एक प्रत एससारखी दिसली. पण ती एस नव्हती.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये लीड्स विद्यापीठात अँथनी टर्नर आणि नायजेल हूपर यांच्या गटालाही हेच जनुक सापडलं. त्यांच्या शोधनिबंधावर पहिलं नाव आहे सारा टिपनिस यांचं. आडनाव वाचून मराठी डोळा क्षणभर थबकतोच. टिपणं ठेवणारा तो टिपणीस, आणि या कामात टिपण ठेवण्यावाचून दुसरं काय असतं? दोन्ही गटांचे निबंध २००० सालीच प्रसिद्ध झाले. एका गटानं नाव ठेवलं एस-टू, दुसऱ्यानं एस-एच. जगानं पहिलं उचललं.

जनुक सापडलं म्हणजे काय हाती आलं? अक्षरांची एक लांबलचक ओळ. तिच्यावरून कळलं की हे प्रथिन ८०५ अमिनो आम्लांचं आहे. एक टोक पेशीच्या आवरणात रुतलेलं, बाकीचं धड बाहेर, पाण्यात उभं राहिलेल्या माणसासारखं. जनुकाचा पत्ता एक्स गुणसूत्रावर, १८ तुकड्यांत विभागलेला. आणि मधोमध एक ओळखीची खूण, हिस्टिडिन, ग्लुटामिक आम्ल, मग दोन मणी, पुन्हा हिस्टिडिन. जाणकार ही खूण पाहताच ओळखतात की इथं जस्ताचा अणू बसतो. पत्र्याच्या बादलीवर ज्याचा मुलामा असतो तेच जस्त. इथं त्याचा एकच अणू असतो. तो पाण्याच्या एका रेणूला धार लावतो आणि ते पाणी दोन मण्यांमधला दोरा तोडतं. एसमध्येही हीच खूण आहे. कापणाऱ्या भागातली साधारण चाळीस टक्के अक्षरं दोन्हींत सारखी निघाली.

आता स्वतःला एक प्रश्न विचारा आणि उत्तराची घाई करू नका. अशा वेळी तुम्ही काय धरून चालला असता?

मी तर हेच धरून चालले असते की हा एसचा भाऊ आहे, तेच काम करत असणार. नाक आजोबांसारखं, म्हणजे स्वभावही आजोबांसारखाच, असं आपण तान्ह्या बाळाबद्दल बारशाच्या दिवशीच बोलून मोकळे होतो. सारखेपणावरून नाव ठेवता येतं. काम मात्र करायला लावूनच बघावं लागतं, आणि या लोकांनी ते बघितलं. सगळ्या गोष्टीत माझं मन सर्वांत जास्त रेंगाळतं ते इथं.

लीड्सच्या गटानं ते जनुक हॅमस्टरच्या अंडाशयातल्या पेशींत घातलं. हॅमस्टर म्हणजे उंदरासारखाच एक लहान प्राणी. त्याच्या या पेशी प्रयोगशाळांत वर्षानुवर्षं वाढवल्या जातात आणि दिलेलं प्रथिन त्या मुकाट्यानं बनवून देतात. आवरणात रुतणारं शेपूट आधीच काढून टाकलेलं होतं, म्हणजे प्रथिन पेशीला चिकटून न बसता बाहेरच्या द्रवात उतरावं. मग नळीत ते प्रथिन घेतलं आणि एस आहे की नाही हे ओळखायचा नेहमीचा कस लावला. हिप्युरिल-हिस्टिडिल-ल्युसिन हा त्यासाठीचा ठरलेला छोटा रेणू. एस असेल तर त्याचा शेवट तुटतो.

तुटला नाही.

ती नळी डोळ्यांसमोर आणा. बोटाएवढी प्लास्टिकची नळी, तळाशी थेंबभर द्रव, काही घडलेलं नाही. प्रयोगशाळेत काम केलेल्या कुणालाही विचारा, अशा नळीसमोर पोटात खड्डा पडतो. काहीतरी चुकलं, प्रथिन मेलं, मोजमाप बिघडलं, हेच आधी मनात येतं. त्या नळीपाशी दोन श्वास थांबा. काही न घडणं हेही उत्तर असतं. तिला फेकून न देता तिच्याकडे उत्तर म्हणून बघायला काय लागत असेल, याचा विचार करा.

त्यांनी तेच प्रथिन अँजिओटेन्सिनसोबत ठेवून बघितलं. तिथं ते कापत होतं. म्हणजे जिवंत होतं. मग कॅप्टोप्रिल घातलं, लिसिनोप्रिल घातलं, एसला जागच्या जागी थांबवणारी औषधं. फरक पडला नाही, कापणं चालूच. ईडीटीए घातलं, धातूचे अणू उचलून नेणारं रसायन. कापणं थांबलं. म्हणजे जस्त खरं होतं, कात्री खरी होती, पण ती एसची नव्हती.

ती कात्री काय कापते, हे केंब्रिजच्या गटानं वजन करून बघितलं. त्याचं एक यंत्र असतं, त्यात रेणूंचं वजन पडद्यावर उभ्या रेघांसारखं दिसतं. अँजिओटेन्सिन-एकची रेघ १२९६च्या पुढे उभी असते. विकर घालून काही वेळ ठेवलं की ती बुटकी होते आणि ११८३च्या पुढे नवी रेघ वर येते. वजाबाकी करा. ११३. ल्युसिनच्या एका मण्याचं हे वजन. एसनं दोन तोडले असते, तर फरक याच्या दुपटीहून जास्त आला असता. इथं एकच मणी गेला होता, शेवटचा.

आठ मण्यांच्या दोऱ्यावरही तेच. १०४६ वरून ८९९. फरक १४७, म्हणजे फेनिलॲलनिन.

मला ही वजाबाकी फार सुंदर वाटते. कुणी ते विकर डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. त्यानं काय नेलं, एवढंच मोजलं, आणि नेलेल्या वजनावरून नेणारा ओळखला.

पुढच्या दोन वर्षांत मिलेनियमच्याच लोकांनी शरीरातले १२६ निरनिराळे पेप्टाइड, म्हणजे असे लहान-मोठे दोरे, या विकरापुढे एकामागून एक ठेवले. त्यानं हात लावला फक्त ११ जणांना. त्या प्रत्येकाचा शेवटचा एकच मणी काढला, कधी दोन नाहीत, कधी मधला नाही. आणि दहा मण्यांच्या अँजिओटेन्सिन-एकपेक्षा आठ मण्यांचं अँजिओटेन्सिन-दोन हे विकर ४०० पट सफाईनं कापतं, हेही तेव्हाच उमगलं. म्हणजे त्याचं खरं लक्ष होतं ते वाचा फुटलेल्या निरोपावर.

आता पुन्हा तो दोरा मनासमोर धरा. आठ मण्यांचा. शेवटचा मणी काढा. प्रोलिनवर दोरा संपतो. सात उरले.

हे सात मणी रक्तवाहिनीला सांगतात, सैल हो.

पहिले सात मणी जसेच्या तसे, त्याच क्रमानं. टोकाचा एक गेला आणि आवळणारा निरोप सैल करणारा झाला. या सात मण्यांचं म्हणणं ऐकणारा ग्राहक पेशीच्या आवरणावर असतो. त्याचं नाव मास, आणि तो ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००३ साली ओळखला. जराराकाचा देशही तोच.

बोटं अजून मनगटावर आहेत ना? या घटकेला तुमच्या मूत्रपिंडात, हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात, आतड्याच्या आतल्या थरात हे मणी निघताहेत. श्वासासारखं हे थांबवून किंवा वाढवून दाखवता येत नाही. नुसतं आहे म्हणून जाणता येतं. तसं जाणा थोडा वेळ.

एखाद्याचं काम कळण्याचा आणखी एक मार्ग आहे, तो नसल्यावर काय होतं ते बघणं. घरातलं माणूस गावाला गेलं की दूध कोण तापवत होतं ते कळतं. योसेफ पेनिंगर यांच्या टोरंटोमधल्या गटानं २००२ साली हे जनुक नसलेले उंदीर तयार केले. त्या उंदरांचं हृदय नीट आकुंचन पावेना. मग त्यांनी एसचंही जनुक नसलेले उंदीर तयार केले, दोन्ही नसलेले, आणि त्यांचं हृदय पुन्हा नीट चालू लागलं. एक आवळतो, दुसरा सोडतो, याचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरा पाहिलेला नाही. दुसऱ्या प्रयोगशाळांतल्या उंदरांत हृदयाचा दुबळेपणा इतका ठळक दिसला नाही, हेही सांगायला हवं. उंदरांच्या जातीप्रमाणे, वयाप्रमाणे असं होतं.

एकच मणी का? दोन का नाहीत? त्याचं उत्तर २००४ साली या प्रथिनाचा आकार क्ष-किरणांनी पाहिल्यावर मिळालं. कात्रीच्या आत दोऱ्याचं टोक शिरतं ती एक खोबण असते. एसमध्ये त्या खोबणीत एका ठिकाणी ग्लुटामिन आहे, तिथं दोन मणी मावतात. एस-टूमध्ये त्याच ठिकाणी, २७३ क्रमांकावर, आर्जिनिन आहे. आर्जिनिन मोठं. खोबण अरुंद झाली आणि दुसऱ्या मण्याला जागा उरली नाही. औषधांनाही तिथं नीट बसता येत नाही. तीही दोन मण्यांच्या मापानं घडवलेली होती.

आता ज्या कारणानं हे नाव घराघरांत पोचलं, त्याकडे येते. सार्सची साथ येऊन गेल्यावर २००३च्या नोव्हेंबरमध्ये बोस्टनमधल्या मायकेल फार्झन यांच्या गटानं दाखवलं की तो विषाणू पेशीत शिरताना एस-टूलाच धरतो. सतरा वर्षांनी कोविडचा विषाणूही तेच धरून शिरला. तेव्हापासून वर्तमानपत्रं एस-टूला दार म्हणू लागली. विषाणूचं दार.

हा शब्द मला तेव्हाही लागला होता, अजून लागतो. विषाणू कात्रीला शिवतसुद्धा नाही. खोबणीपासून दूर, बाहेरच्या कडेला त्याचा काटा चिकटतो. उन्हाळ्यात वाळवणं राखत अंगणात बसलेल्या बाईच्या पदराला धरून चोर घरात शिरला, म्हणून तिचं नाव ‘दार’ ठेवायचं का? उलट चोरीनंतर तीच जागेवरून हलते. सार्सच्या विषाणूवर उंदरांत केलेल्या २००५च्या अभ्यासात दिसलं, की तो चिकटला की पेशीवरचं एस-टू कमी होतं, सोडणारा कमी झाल्यानं आवळणाऱ्या निरोपाचं फावतं आणि फुप्फुसाची हानी वाढते.

२०२०च्या मार्चमध्ये माझ्या आईचा फोन आला होता. ती रोज सकाळी चहाआधी टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी घेते. मोबाइलवर फिरत फिरत तिच्यापर्यंत मजकूर पोचला होता, की रक्तदाबाच्या गोळ्यांनी शरीरात विषाणूची दारं वाढतात. “अगं, दोन दिवस घेतलीच नाही मी,” ती म्हणाली, “तूच सांग बाई आता.” मी तिच्या डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं, “गोळी थांबवायची नाही. आजच घ्या.” युरोप-अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनीही त्याच महिन्यात हेच जाहीर केलं. आईनं त्या दुपारीच गोळी घेतली. पण ते दोन दिवस माझ्या मनातून गेलेले नाहीत. एका शब्दानं, नुसत्या ‘दार’ या शब्दानं, किती घरांत किती गोळ्या डब्यात राहिल्या असतील.

म्हणून तिला हे सगळं मी एकदा नीट सांगितलं, गच्चीवर, तिच्या तुळशीच्या माळेवर बोट ठेवून. दहा मणी मोजले. दोन सोडले. मग एक सोडला. तिनं सातव्या मण्यावर अंगठा धरून ठेवला आणि विचारलं, “आणि हे कोण करतं म्हणालीस?”

तुम्हीही एकदा करा. पुन्हा पहिल्यापासून, एका श्वासाला एक. ॲस्पार्टिक आम्ल. आर्जिनिन. व्हॅलिन. टायरोसिन. आयसोल्युसिन. हिस्टिडिन. प्रोलिन.

इथंच थांबा. बोटांखाली नाडी आहे. ती हवी तितका वेळ ऐका, आणि मग हात सोडवा.